हबश, अबिसीनिया, इथिओपिया : एका देशाच्या नावांचा इतिहास

पूर्व आफ्रिकेतील ज्या देशाला आज इथिओपिया म्हणतात त्याची दोन नावे सोळाशेहून अधिक वर्षे शेजारी शेजारी नांदली. एक इथिओपिया, दुसरे हबश. अबिसीनिया हे या दुसऱ्याचेच युरोपात घडलेले रूप. इथिओपिया हे नाव ग्रीकांनी ठेवलेले, आणि तेही मुळात वेगळ्याच प्रदेशाला. हबश मात्र तांबड्या समुद्राच्या काठचे, याच मुलखातले. तरीही देशाने स्वतःसाठी ग्रीक नाव निवडले आणि घरचे नाव परक्यांच्या तोंडी राहिले. विसाव्या शतकात तर घरचे नाव परके म्हणून नाकारण्यापर्यंत गोष्ट गेली. ही अदलाबदल कशी झाली हे कळण्यासाठी आधी ग्रीकांकडे जावे लागते.

‘ऐथिओप्स’ या ग्रीक शब्दाची रूढ फोड ‘जाळणे’ आणि ‘चेहरा’ या अर्थांच्या दोन शब्दांत केली जाते. उन्हाने करपलेल्या चेहऱ्याचा तो ऐथिओप्स. होमरच्या काव्यांत हे लोक जगाच्या टोकाला राहतात. काही सूर्य उगवतो तिकडे, काही मावळतो तिकडे, आणि देव त्यांच्याकडे मेजवानीला जातात. हा भूगोल नव्हे, पण कल्पनेची दिशा त्यातून कळते. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटसने या लोकांना पक्का पत्ता दिला. अस्वानच्या दक्षिणेला, नाईलच्या वरच्या अंगाला त्यांचा देश असून मेरोई ही त्यांची राजधानी आहे, असे तो सांगतो. मेरोईचे अवशेष आजच्या सुदानमध्ये आहेत. म्हणजे ग्रीकांचा इथिओपिया हा प्रामुख्याने नुबियाचा प्रदेश होता. आजच्या इथिओपियाचा डोंगराळ मुलूख त्यांना जवळजवळ ठाऊकच नव्हता. हेरोडोटसनेच इराणी सम्राट झर्क्सिसच्या सैन्यात ‘पूर्वेकडचे इथिओपियन’ असल्याचे लिहिले आहे. त्यांचे केस सरळ होते आणि त्यांची रांग भारतीयांबरोबर लावली होती. इथिओपिया आणि भारत यांची गल्लत इथून सुरू झाली आणि पुढे दोन हजार वर्षे टिकली.

त्याच नुबियाला इजिप्तचे लोक आणि हिब्रू बायबल कुश म्हणत. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियातील यहुदी पंडित हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर करू लागले. पुढे ते सेप्टुअजिंट या नावाने प्रसिद्ध झाले. त्यात बहुतेक ठिकाणी ‘कुश’च्या जागी ‘ऐथिओपिया’ हा शब्द आला. भाषांतर म्हणून त्यात चूक काहीच नव्हती, कारण त्या काळी दोन्ही शब्दांचा प्रदेश एकच होता. पण या एका निवडीमुळे ग्रीक बायबल वाचणाऱ्या साऱ्या ख्रिस्ती जगासाठी इथिओपिया हे पवित्र ग्रंथातले नाव झाले. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात कंदाकी राणीच्या पदरी असलेल्या एका इथिओपियन अधिकाऱ्याचा बाप्तिस्मा येतो. ‘कंदाकी’ ही मेरोईच्या राजघराण्यातील स्त्रियांची पदवी होती. तेव्हा तोही अधिकारी आजच्या हिशेबाने सुदानचाच.

दरम्यान खऱ्या इथिओपियाच्या उत्तर पठारावर अक्सुमचे राज्य उभे राहत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत अक्सुम शहराचा आणि त्याच्या अदुलिस बंदराचा उल्लेख आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील आरिआके प्रदेशातून तिथे लोखंड, पोलाद आणि सुती कापड येई असेही त्यात नोंदवले आहे. कल्याण आणि चौल ही बंदरे त्याच पुस्तकात पुढे भेटतात. मात्र अक्सुमच्या राज्याला लेखक इथिओपिया म्हणत नाही; तिथल्या राजाला नाव देतो, राजधानीचे नाव देतो आणि पुढच्या बंदराकडे वळतो. या राज्याची ओळख त्या काळी शहराच्या नावाने होती.

चौथ्या शतकात अक्सुमचा राजा एझाना याने आपले विजय दगडावर कोरून घेतले. मजकूर गीझ आणि ग्रीक अशा दोन भाषांत आहे, आणि गीझचा मजकूर दक्षिण अरबी लिपीतही पुन्हा दिला आहे. राजा स्वतःला अक्सुम, हिम्यार, सबा आणि इतर मुलखांचा धनी म्हणवतो. या यादीत जिथे देशी मजकुरात ‘हबशत’ आहे तिथे ग्रीक मजकुरात ‘ऐथिओपेस’ आहे. पुढे याच यादीत ‘कासू’, म्हणजे मेरोईचा कुश, वेगळा मोजलेला आहे. हा शिलालेख या सगळ्या इतिहासाची बिजागरी मानायला हरकत नाही. जे नाव आतापर्यंत कुशचे होते ते कुशपासून सोडवून अक्सुमच्या राजाने, निदान ग्रीक वाचकांपुरते, स्वतःच्या लोकांना लावले. याच एझानाच्या काळात फ्रुमेंटियस या बिशपाच्या प्रभावाने राजदरबार ख्रिस्ती झाला. याच शतकात मेरोईचे राज्यही मोडकळीला आले. नावाचा जुना धनी उरला नाही आणि नवा धनी ख्रिस्ती होता, म्हणून बायबलातील इथिओपियावर त्याचा हक्क सांगणे सोपे गेले. सहाव्या शतकात प्रोकोपियससारखा बायझंटाइन इतिहासकार इथिओपियन म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर अक्सुमच असते.

देशातल्या देशात हे नाव मुरायला आणखी वेळ लागला. बायबलचे गीझमध्ये भाषांतर झाले तेव्हा ग्रीक शब्दच ‘इत्योप्या’ असा घेतला गेला. १२७० मध्ये येकुनो अम्लाक गादीवर आला. त्याच्या घराण्याने आपला वंश थेट सॉलोमन राजा आणि शेबाची राणी यांच्यापर्यंत नेला. चौदाव्या शतकात ‘केब्रा नगस्त’ हा ग्रंथ तयार झाला आणि ही वंशकथा देशाची अधिकृत कथा बनली. राणी इथिओपियाची, तिचा मुलगा मेनेलिक सॉलोमनचा, आणि दहा आज्ञांची पेटी जेरुसलेमहून अक्सुमला आलेली. अशी कथा सांगणाऱ्या राज्याला बायबलात सापडणारे नाव हवेच होते. हबश हे नाव बायबलात कुठेच नाही. पंधराव्या शतकातील ‘अक्सुमचे पुस्तक’ तर आणखी पुढे जाते आणि कुशचा इत्योपिस नावाचा मुलगा अक्सुमचा संस्थापक असल्याचे सांगते. अशा रीतीने ग्रीक शब्दाला देशी पूर्वज मिळाला आणि त्याचे परकेपण पुसले गेले.

हबश या नावाचा प्रवास याच्या उलट झाला. दक्षिण अरबस्तानात सापडलेल्या इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतील शिलालेखांत ‘हबशत’ हे नाव येते. तांबडा समुद्र ओलांडून येमेनच्या राजकारणात हात घालणारे अक्सुमचे लोक त्या नावाने ओळखले जात. अरबीत त्याचे ‘अल्-हबश’ आणि ‘अल्-हबशा’ झाले. इस्लामच्या इतिहासात या देशाला मानाचे स्थान आहे. ६१५ च्या सुमाराला मक्केतील छळाला कंटाळलेल्या मुसलमानांच्या एका गटाने हबशातच आश्रय घेतला होता. तिथल्या राजाला अरब ‘नजाशी’ म्हणत, आणि हा शब्द गीझमधील ‘निगूस’, म्हणजे राजा, याच कुळातला आहे. पैगंबरांचा पहिला मुअज्जिन बिलाल हाही हबशीच म्हणवला जातो. पुढे अरबीतल्या ‘मिश्रण’ या अर्थाच्या एका शब्दाशी हबशाचा संबंध जोडला गेला आणि हबशी म्हणजे संमिश्र लोक अशी व्युत्पत्ती युरोपीय पुस्तकांतही रूढ झाली. ती मागाहून सुचलेली दिसते, कारण ज्या शिलालेखांत हे नाव आहे ते अरबी शब्दकोशांपेक्षा कितीतरी जुने आहेत. पण स्वतःला सॉलोमनचे वंशज मानणाऱ्यांना असे नाव का रुचले नसेल याचा अंदाज मात्र तिच्यावरून येतो.

सोळाव्या शतकात एकाच युद्धाला तीन नावांचे देश मिळाले. १५२९ पासून अदलच्या सल्तनतीचा सेनापती इमाम अहमद याने ख्रिस्ती राज्यावर एकामागून एक स्वाऱ्या केल्या आणि बहुतेक पठार काबीज केले. त्याच्या विजयांचा अरबी वृत्तान्त ‘फुतूह अल्-हबशा’, म्हणजे हबशाचा विजय, या नावाने प्रसिद्ध आहे. ज्या सम्राटाचा मुलूख गेला तो स्वतःला इत्योप्याचा राजाधिराज म्हणत होता. आणि १५४१ मध्ये त्या राज्याच्या मदतीला जे सुमारे चारशे पोर्तुगीज बंदुकधारी आले ते ‘प्रेस्टर जॉनच्या’ देशाला वाचवायला आले होते. त्यांचा प्रमुख क्रिस्तोव्हाव द गामा हा वास्को द गामाचा मुलगा. गोव्याहून निघालेल्या ज्या आरमारातून हे लोक आले त्याचा प्रमुख त्याचाच भाऊ एस्तेव्हाव होता, आणि तो त्या वेळी पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर होता. क्रिस्तोव्हाव मारला गेला, पण १५४३ मध्ये इमाम अहमदही लढाईत पडला आणि ख्रिस्ती राज्य तगले.

हा प्रेस्टर जॉन कोण याचे उत्तर भारताशी झालेल्या जुन्या गल्लतीत आहे. ११६५ च्या सुमाराला युरोपात एक बनावट पत्र फिरू लागले. ‘तिन्ही हिंदुस्थानांवर’ राज्य करणाऱ्या या नावाच्या ख्रिस्ती पुरोहित-राजाने ते लिहिल्याचा आव होता. मध्ययुगीन युरोपाच्या भूगोलात हिंदुस्थान एक नव्हता, तीन होते, आणि त्यांपैकी एक आफ्रिकेच्या बाजूला मोडत असे. त्याच्याही आधी, फ्रुमेंटियसची हकिकत लिहिणाऱ्या रुफिनसने अक्सुमचा देश ‘पलीकडचा हिंदुस्थान’ म्हणूनच वर्णिला होता. मार्को पोलोनेही ‘अबश’ हा प्रांत मधल्या हिंदुस्थानात घातला आहे. आशियात ख्रिस्ती राजा सापडेना तेव्हा चौदाव्या शतकापासून नकाशे काढणाऱ्यांनी प्रेस्टर जॉनला आफ्रिकेत हलवले. १४४१ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेला जेरुसलेमहून आलेल्या इथिओपियन भिक्षूंनी आपल्या राजाचे नाव झरा याकोब आहे, प्रेस्टर जॉन नाही, असे परोपरीने सांगितले. कोणी ऐकले नाही. शंभर वर्षांनी, १५४० मध्ये, फ्रान्सिस्को आल्व्हारिस याचे प्रवासवर्णन लिस्बनला छापले गेले. या माणसाने सहा वर्षे त्या देशात काढली होती, तरी त्याच्या पुस्तकाच्या नावात ‘हिंदुस्थानांच्या प्रेस्टर जॉनचे मुलूख’ हेच शब्द आले. राजकीय व्यवहारही हिंदुस्थानमार्गेच चाले. सम्राज्ञी एलेनीने पोर्तुगालच्या राजाकडे पाठवलेला दूत मॅथ्यू १५१२ मध्ये गोव्याला पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कपर्यंत पोहोचला. पुढचे जेझुइट पाद्रीही बहुधा गोव्याहूनच तिकडे जात.

पोर्तुगीजांनी अरबी ‘हबश’वरून ‘अबेशिम’ असा शब्द बनवला. लॅटिन लेखणीतून त्याची ‘अबासिया’ आणि ‘अबिसीनिया’ ही रूपे झाली. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपीय विद्वानांत दोन्ही प्रवाह चालू राहिले. हिओब लुडोल्फ या जर्मन पंडिताने अब्बा गोर्गोर्योस या इथिओपियन धर्मगुरूकडून माहिती घेऊन १६८१ मध्ये देशाचा इतिहास लिहिला. त्याच्या शीर्षकात ‘इथिओपिया’ आहे. इंग्रजीत मात्र अबिसीनियाने बाजी मारली. सॅम्युएल जॉन्सनने १७३५ मध्ये लोबो या जेझुइटाचे अबिसीनियाचे प्रवासवर्णन इंग्रजीत आणले आणि १७५९ मध्ये तिथल्या काल्पनिक राजपुत्राची ‘रासेलस’ ही कथा लिहिली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी तिचे मराठी भाषांतर हाती घेतले आणि विष्णुशास्त्र्यांनी ते पुरे केले. मराठी शिक्षित वाचकाला अबिसीनिया भेटला तो या वाटेने.

अबिसीनिया हे रूप पसंत पडण्यामागे एक व्यावहारिक कारणही होते. युरोपीय नकाशांवर इथिओपिया हा शब्द फार पसरट झाला होता. सहाराच्या खालची सारी आफ्रिका कधी वरचा, कधी खालचा इथिओपिया म्हणून दाखवली जाई, आणि दक्षिण अटलांटिकला ‘इथिओपियन महासागर’ म्हणत. एका विशिष्ट राज्याबद्दल बोलायचे तर अबिसीनिया म्हणणेच सोयीचे होते. तुर्कांनी आपल्या परीने गोंधळात भर घातली. सोळाव्या शतकाच्या मध्याला त्यांनी मसावा आणि सुवाकिन ही बंदरे धरून ‘हबेश’ नावाचा प्रांत काढला. हबशाचे बहुतेक पठार त्यात कधीच आले नाही.

हिंदुस्थानात हे नाव पुस्तकांतून आले नाही, माणसांबरोबर आले. तांबड्या समुद्रातून गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या आणि पुढे सैनिक, सरदार झालेल्या आफ्रिकनांना फार्सी आणि दख्खनी कागदांत हबशी म्हणतात. बंगालमध्ये १४८७ पासून काही वर्षे तख्तावर हबशी सुलतान होते. बहमनी राज्यात आणि त्यातून निघालेल्या शाह्यांत दख्खनी आणि परदेशी अमिरांचे जे भांडण चाले त्यात हबशी सहसा दख्खन्यांच्या बाजूने असत. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा त्यांतला सर्वांत मोठा माणूस. त्याचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्याला इथिओपियात झाला. त्याला विकत घेऊन दख्खनेत वाढवणारा चंगीझखान हाही हबशीच होता. मलिक अंबरने वसवलेली खडकी म्हणजेच पुढचे औरंगाबाद. १६२६ मध्ये तो वारला. हबशी या शब्दाला ख्रिस्ती इथिओपियन असा अर्थ इथे उरला नव्हता. पकडून विकलेले बरेचसे लोक ख्रिस्ती राज्याच्या हद्दीबाहेरच्या समाजांतले असत, आणि हळूहळू कोणत्याही आफ्रिकन माणसाला हबशी म्हणण्याचा प्रघात पडला. ग्रीक ऐथिओप्सचा अर्थ जसा पसरट होता तसाच हाही झाला.

जंजिऱ्याला तर या नावाचा दुसरा देशच उभा राहिला. राजपुरीच्या खाडीच्या तोंडावरील या किल्ल्यावर सतराव्या शतकापासून सिद्दी घराण्याची सत्ता होती. शिवाजी महाराज, संभाजी महाराज आणि पेशवे यांच्यापैकी कोणालाही मूळ किल्ला घेता आला नाही. त्या घराण्याच्या ताब्यातील कोकणपट्टीला ‘हबसाण’, म्हणजे हबशांचा मुलूख, असे म्हणत, आणि इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्येही जंजिरा संस्थानाचे हे दुसरे नाव दिले आहे. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत हबसाण हा शब्द रायगड जिल्ह्याच्या आजच्या मुरूड भागाला लागू होता. मराठी कागदपत्रांत या सिद्दीला ‘शामल’ असेही म्हटलेले आढळते. काळसर वर्णाचा तो शामल. ग्रीकांनी जे पाहून नाव ठेवले तेच पाहून मराठ्यांनीही ठेवले. ‘सिद्दी’ हा शब्द मात्र वर्णावरून आलेला नाही. अरबीतील ‘सय्यिदी’, म्हणजे माझे धनी, या आदरार्थी संबोधनापासून तो निघाला असे सामान्यतः मानतात.

नावांच्या या पसाऱ्यात एक भारतीय भर पूर्णपणे खोटी होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील फ्रान्सिस विल्फर्ड याने १७९२ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये एक मोठा लेख लिहिला आणि पुराणांतील कुशद्वीप म्हणजे नाईलच्या काठचा इथिओपियासह सारा प्रदेश असे प्रतिपादन केले. कुश आणि कुशद्वीप यांचे नामसाम्य त्याला भुरळ घालून गेले असणार. पुढे त्याच्या लक्षात आले की त्याच्या पंडिताने पोथ्यांत त्याला हवे तसे मजकूर घुसडून दिले होते, आणि हे त्याने छापून कबूलही केले. कबुली कोणी फारशी वाचली नाही. नाईलच्या उगमाचा शोध लावणारा स्पीक १८६३ मधील आपल्या पुस्तकात विल्फर्डचा ‘पुराणांवरून’ काढलेला नकाशा मोठ्या विश्वासाने देतो.

१८६७–६८ मध्ये मुंबई इलाखा आणि अबिसीनिया यांचा संबंध थेट लष्करी झाला. सम्राट तेवोद्रोस याने ब्रिटिश वकील आणि इतर युरोपीय कैदेत टाकले, तेव्हा मुंबईच्या फौजेचा सरसेनापती रॉबर्ट नेपियर सुमारे तेरा हजार सैनिक आणि ४४ हत्ती घेऊन निघाला. फौज झुला इथे उतरली. प्राचीन अदुलिसचे अवशेष तिथून जवळच आहेत. १३ एप्रिल १८६८ रोजी मगदलाचा किल्ला पडला आणि तेवोद्रोसने स्वतःला संपवले. या मोहिमेची पदके आणि पलटणींच्या निशाणांवरील मानचिन्हे ‘अबिसीनिया’ या नावाने दिली गेली. इंग्रजी राज्यात हे नाव पक्के होण्यास या मोहिमेचा मोठा हातभार लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नावाला हद्दीचा प्रश्न येऊन चिकटला. दुसरा मेनेलिक १८८९ मध्ये सम्राट झाला. तोवर त्याने दक्षिणेकडे ओरोमो, सिदामा, कफा अशा लोकांचे मुलूख जिंकायला सुरुवात केली होती, आणि राज्य पठाराच्या जुन्या सीमांपलीकडे जात होते. अनेक युरोपीय लेखकांच्या लेखी अबिसीनिया म्हणजे अम्हारा आणि तिग्राय लोकांचे ख्रिस्ती पठार. मेनेलिकचे साम्राज्य त्याहून कितीतरी मोठे. त्या साऱ्या मुलखाला कवेत घेईल असे नाव इथिओपिया हेच होते. १८९१ मध्ये युरोपीय सत्तांना धाडलेल्या पत्रात मेनेलिकने आपल्या सीमा सांगितल्या त्या इथिओपियाच्या म्हणून. इटलीशी १८८९ मध्ये झालेल्या वुचाले तहातही त्याची पदवी इथिओपियाचा राजाधिराज अशीच होती. त्या तहाचे सतरावे कलम अम्हारिकमध्ये एक आणि इटालियनमध्ये दुसरेच म्हणत होते. परराष्ट्रव्यवहारात सम्राटाला इटलीची मदत घेता येईल, असे अम्हारिक मसुदा म्हणे. ती घ्यावीच लागेल, असे इटालियन. या वादाचा शेवट १ मार्च १८९६ रोजी अदवाच्या लढाईत इटलीच्या पराभवाने झाला. उत्तरेचा किनारी भाग मात्र इटलीकडेच राहिला. १ जानेवारी १८९० रोजी त्याचे ‘एरिट्रिया’ असे बारसे झाले होते. तांबड्या समुद्राचे प्राचीन ग्रीक-लॅटिन नाव जमिनीला लावले एवढेच.

अदवानंतर इथिओपिया हे नाव देशाबाहेरच्या काळ्या लोकांचेही झाले. बायबलातील स्तोत्रांत इथिओपिया देवाकडे हात पसरील अशा आशयाचे एक वचन आहे, आणि अमेरिकेतील व दक्षिण आफ्रिकेतील काळे ख्रिस्ती ते आपल्या मुक्तीचे भाकीत म्हणून वाचत. मंगेना मोकोने याने गोऱ्यांच्या मेथडिस्ट चर्चमधून फुटून प्रिटोरियात १८९२ मध्येच ‘इथिओपियन चर्च’ काढले होते. आता त्या वचनाच्या पाठीशी युरोपीय फौजेला हरवणारे खरे राज्य उभे राहिले. हबश किंवा अबिसीनिया या नावाने हे घडले नसते. बायबलात होते ते इथिओपियाच.

तरीही व्यवहारात दोन्ही नावे चालू होती, आणि सरकारी मान्यतेनेसुद्धा. देशातील पहिली बँक १९०६ मध्ये मेनेलिकच्या हस्ते उघडली गेली ती ‘बँक ऑफ अबिसीनिया’ या नावाने. १९२३ मध्ये देश राष्ट्रसंघाचा सदस्य झाला, तरी परदेशी वृत्तपत्रांत अबिसीनियाच छापला जाई. २ नोव्हेंबर १९३० रोजी हाइले सेलासीचा राज्याभिषेक झाला आणि पुढच्या वर्षी देशाची पहिली लिखित राज्यघटना आली. त्याच १९३१ मध्ये बँक ऑफ अबिसीनिया सरकारने घेतली आणि ती ‘बँक ऑफ इथिओपिया’ झाली. नव्या राजवटीचा आग्रह कोणत्या नावासाठी होता हे इथे दिसते.

३ ऑक्टोबर १९३५ रोजी मुसोलिनीच्या फौजा देशात घुसल्या. जगाने या प्रकरणाला ‘अबिसीनियाचा पेचप्रसंग’ म्हटले. ५ मे १९३६ रोजी आदिस अबाबा पडले. चार दिवसांनी इटलीच्या राजाने ‘इथिओपियाचा सम्राट’ ही पदवी घेतली. १ जूनला एरिट्रिया, सोमालीलँड आणि जिंकलेला मुलूख मिळून ‘इटालियन पूर्व आफ्रिका’ तयार करण्यात आली आणि तिचे अम्हारा, हरार, गाला-सिदामा असे प्रांत पाडले. तिग्राय एरिट्रियाला आणि ओगादेन सोमालीलँडला जोडले. एकाही प्रांताला इथिओपिया हे नाव नव्हते. ते फक्त रोममधल्या राजाच्या पदवीत उरले. देश नकाशावरून पुसायचा आणि त्याच्या नावाचा मान मात्र मिरवायचा, असा तो व्यवहार होता. १९४१ मध्ये हा अंमल संपला. एरिट्रियातील केरेनच्या निर्णायक लढाईत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन लढली, आणि ५ मे १९४१ रोजी हाइले सेलासी राजधानीत परतला. ब्रिटिश साम्राज्याच्या पलटणींना या मोहिमेसाठीही ‘अबिसीनिया’चेच मानचिन्ह मिळाले, पण सरकारी व्यवहारातली या नावाची ही जवळजवळ शेवटची खेप. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या कागदांत, नकाशांत आणि हळूहळू मराठी शालेय भूगोलातही इथिओपिया स्थिरावला.

यानंतर बदलत राहिली ती विशेषणे. १९५२ मध्ये एरिट्रिया संघराज्य म्हणून साम्राज्याला जोडला गेला आणि १९६२ मध्ये त्यात विलीन करण्यात आला. १२ सप्टेंबर १९७४ रोजी ‘दर्ग’ या लष्करी समितीने सम्राटाला पदच्युत केले. पुढच्या वर्षी राजेशाही संपली आणि सरकार ‘समाजवादी इथिओपिया’च्या नावाने कारभार करू लागले. १९८७ मध्ये त्याचे ‘जन लोकशाही गणराज्य’ झाले. १९९१ मध्ये ही राजवट कोसळली आणि १९९३ मध्ये एरिट्रिया स्वतंत्र झाला. १९९५ पासून देशाचे अधिकृत नाव इथिओपियाचे संघीय लोकशाही गणराज्य असे आहे. मार्क्सवादी लष्करालाही बायबलमधून आलेले नाव टाकावेसे वाटले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. झैर, अप्पर व्होल्टा, दाहोमी अशी नावे त्याच दोन-तीन दशकांत येत-जात होती. पण तिथे बदलाला वसाहतीचे कारण होते. इथिओपियाने आपले नाव वसाहतकारांकडून घेतले नव्हते.

ज्या नुबियाचे हे नाव मुळात होते तो देश १९५६ मध्ये सुदान या नावाने स्वतंत्र झाला. हा शब्द अरबीतील ‘काळ्या लोकांचा देश’ या जुन्या शब्दप्रयोगाचा अवशेष आहे, म्हणजे ऐथिओप्सपासून अर्थाने फार दूर नाही. बायबलातील कुश भाषाशास्त्रात जाऊन बसला. ओरोमो, सोमाली आणि इतर अनेक भाषांच्या कुळाला कुशी भाषा म्हणतात. २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा होताना नव्या देशासाठी सुचवलेल्या नावांत कुशही होते.

हबश हे नावही मेलेले नाही. ‘हबेशा’ या रूपात ते आज इथिओपियन आणि एरिट्रियन लोक, विशेषतः परदेशात राहणारे, स्वतःला आपुलकीने लावतात. दोन देशांत सीमा आणि युद्धे आली तरी या शब्दात दोन्ही बाजूंचे अम्हारिक आणि तिग्रिन्या बोलणारे सामावतात. पांढरा सुती पारंपरिक पोशाख ‘हबेशा केमिस’ म्हणून ओळखला जातो, आणि १९९६ मध्ये स्थापन झालेल्या एका खाजगी बँकेने ‘बँक ऑफ अबिसीनिया’ हे जुने नाव पुन्हा उचलले. मात्र हबेशा म्हणजे सगळे इथिओपियन नव्हेत. अनेक ओरोमो, सोमाली आणि दक्षिणेकडील लोक हा शब्द पठारावरच्या ख्रिस्ती समाजांचा मानतात आणि स्वतःला लावून घेत नाहीत. त्यांच्यातील काहींच्या राजकीय लिखाणात तर मेनेलिकच्या साम्राज्याला मुद्दाम अबिसीनियन म्हटले जाते, कारण ते साम्राज्य सर्व इथिओपियनांचे नव्हते हे त्यांना सांगायचे असते.